पिवळ्या त्रिकोणापासून पिंगपर्यंत : दोन जुन्या संगणकांचं नेटवर्क

दोन जुने डेस्कटॉप पुन्हा नेटवर्कवर आणायचे होते. एकावर विंडोज ७ नव्याने टाकलेलं, ६४ बिटचं, सर्व्हिस पॅक १ च्या डीव्हीडीवरून. दुसऱ्यावर विंडोज एक्सपी, आणि ते पुसून चालणार नव्हतं, कारण मोजमापाच्या एका उपकरणाचं सॉफ्टवेअर एक्सपीशिवाय कुठेच चालत नाही. तक्रार दोन्हीकडे एकच, ‘नेट लागत नाही’. कारणं मात्र एकमेकांशी जराही न जुळणारी निघाली. असंच जुनं यंत्र ज्यांच्यासमोर असेल त्यांना चाचपडावं लागू नये, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवत आहे.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरवून घेतली होती आणि ती शेवटपर्यंत पाळली. यंत्र काय सांगतंय ते आधी कागदावर उतरवायचं, मग एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा बघायचं. ‘एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर’ अशी आश्वासनं देणारी साधनं यासाठीच टाळली. (ड्रायव्हर म्हणजे विंडोजला एखादं उपकरण चालवता यावं म्हणून लागणारं छोटं सॉफ्टवेअर.) ती जवळपास जुळणारा ड्रायव्हर घालतात, सोबत नको असलेल्या चार गोष्टी आणतात, आणि नक्की काय बदललं हे नंतर कळत नाही.

सुरुवात विंडोज ७ पासून. डिव्हाइस मॅनेजर (संगणकातल्या सगळ्या उपकरणांची विंडोजमधली यादी) उघडला तर ‘अदर डिव्हायसेस’खाली तीन पिवळे त्रिकोण : इथरनेट कंट्रोलर, पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर आणि एसएम बस कंट्रोलर. मधल्या नावात ‘कम्युनिकेशन्स’ असल्यामुळे पुष्कळ जण त्याच्याच मागे लागतात. इंटेलच्या बोर्डांवर तो बहुतेक वेळा मॅनेजमेंट इंजिनचा भाग असतो, फार जुन्या यंत्रात मोडेमही असू शकतो. केबलच्या नेटवर्कशी त्याचा संबंध नाही. आपल्या कामाचा फक्त इथरनेट कंट्रोलर, म्हणजे केबलने नेटवर्क जोडणारी चिप.

त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कोड २८ दिसत होता, म्हणजे ड्रायव्हरच बसवलेला नाही. हा सगळ्यात सोपा कोड. कोड १० असेल तर ड्रायव्हर आहे पण उपकरण सुरू होत नाही. कोड २२ म्हणजे कोणीतरी ते बंद करून ठेवलंय, एनेबल केलं की झालं. कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाइल खराब किंवा गायब. कोड १२ म्हणजे उपकरणाला लागणारी संसाधनं मोकळी नाहीत. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून हा आकडा न बघता ड्रायव्हर शोधायला जाऊ नये.

मग डिटेल्स टॅबमध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ निवडलं. पहिल्या ओळीत व्हेन_१०ईसी, डेव्ह_८१६८ आणि शेवटी रेव्ह_०६ असं होतं. व्हेन म्हणजे चिप बनवणारी कंपनी, डेव्ह म्हणजे चिपचं कुटुंब, रेव्ह म्हणजे त्यातली आवृत्ती. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, ११एबी मार्व्हेल, ११०६ व्हीआयए, १०डीई एनव्हिडिया. मदरबोर्डच्या खोक्यावरच्या नावापेक्षा ही ओळ जास्त भरवशाची, कारण एकाच नावाच्या बोर्डावर वेगवेगळ्या उत्पादनात वेगळी चिप लावलेली असू शकते. रेव्हही तितकाच महत्त्वाचा. विंडोज ७ सोबत ८१६८ कुटुंबाचा ड्रायव्हर येतो, पण विंडोज ७ बाजारात आलं २००९ मध्ये, त्यामुळे त्यानंतरच्या आवृत्त्या त्याला ओळखता येत नाहीत. शेजारच्या संगणकात तीच चिप आपोआप चालते आणि आपल्याकडे का नाही, याचं उत्तर अनेकदा या शेवटच्या दोन अंकांत असतं.

ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणला. इथे एक बारकी अडचण येते. विंडोज ७ ला यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो, त्यामुळे निळ्या पोर्टमध्ये लावलेला पेनड्राइव्ह दिसतच नाही. मागच्या बाजूच्या काळ्या पोर्टमध्ये लावावा. पेनड्राइव्ह फॅट३२ या मांडणीत फॉरमॅट केलेला असावा. एक्सपीला एक्सफॅट ही नवी मांडणी वेगळ्या अपडेटशिवाय वाचता येत नाही. घाई असेल तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने संगणकाला देणं) सुरू करता येतं. विंडोज ७ मध्ये त्याला लागणारा ड्रायव्हर आधीपासून आहे, एक्सपीत वेगळी फाइल लागते.

उतरवलेलं पॅकेज थेट चालवण्याआधी सेव्हन-झिपने फोल्डरमध्ये सोडवलं आणि आतली .आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली. हा वेळ वाया जात नाही. या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हा ड्रायव्हर कोणकोणत्या आयडींना ओळखतो याची यादी असते. कंट्रोल-एफ दाबून डेव्ह_८१६८ शोधलं, रेव्ह_०६ ची ओळ सापडली. ती ज्या विभागात आहे त्याचं नावही बघायचं. नावात एनटीएएमडी६४.६.१ असेल तर तो ६४ बिटच्या विंडोज ७ साठी आहे; प्रोसेसर इंटेलचा असला तरी नाव एएमडी६४ असंच असतं, गोंधळून जायचं कारण नाही. एनटीएक्स८६ असेल तर तो ३२ बिटचा. बिट चुकला तर ड्रायव्हर बसणारच नाही. विंडोज ७ चा ड्रायव्हर एक्सपीवर चालत नाही यामागेही ठोस कारण आहे : नेटवर्क ड्रायव्हर ज्या एनडीआयएस नावाच्या ढाच्यावर लिहिले जातात तो एक्सपीत ५.१ आहे, विंडोज ७ मध्ये ६.२०. एक्सपीत तो नवा ढाचाच नाही.

सगळं जुळत होतं. ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, फोल्डर दाखवला. ड्रायव्हर बसला, नाव बरोबर आलं, पण पिवळा त्रिकोण जागचा हलला नाही. आता कोड ५२ : डिजिटल सही (ड्रायव्हर खरा असल्याची खूण) पडताळता येत नाही.

बऱ्याच जणांचं काम इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर. ६४ बिटचं विंडोज सही नसलेला ड्रायव्हर चालवत नाही. या ड्रायव्हरवर सही होती, पण एसएचए-२ पद्धतीची, आणि नुसत्या सर्व्हिस पॅक १ वरचं विंडोज ७ ड्रायव्हर लोड करताना फक्त जुनी एसएचए-१ सही समजू शकतं. म्हणजे ड्रायव्हर योग्य, चिप ठणठणीत. विंडोजलाच सही वाचता येत नाही. बूट होताना एफ८ दाबून ‘डिसेबल ड्रायव्हर सिग्नेचर एन्फोर्समेंट’ निवडता येतं, पण ते फक्त त्या एका बूटपुरतं. त्याचा उपयोग निदानापुरता करावा : त्या पद्धतीने सुरू केल्यावर नेटवर्क चालू झालं तर अडचण सहीचीच आहे हे पक्कं झालं. इथे तसंच झालं.

कायमचे उपाय दोन. एक, त्याच चिपचा जुना, एसएचए-१ सहीचा ड्रायव्हर शोधणं. दुसरा, विंडोजला नवी सही शिकवणं. दुसरा जास्त चांगला, कारण पुढे प्रत्येक ड्रायव्हरसाठी हीच कटकट होणार असते. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून २०१९ मधली दोन अपडेट उतरवली : आधी केबी४४९०६२८, मग केबी४४७४४१९. क्रम हाच ठेवायचा. दोन्ही ६४ बिटची, म्हणजे नावात एक्स६४ असलेली. स्वतंत्र इन्स्टॉलर कधीकधी ‘सर्चिंग फॉर अपडेट्स ऑन धिस कॉम्प्युटर’वर बराच वेळ रेंगाळतो, सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट सर्व्हिस एकदा थांबवली की तो पुढे सरकतो. रीस्टार्टच्या वेळी टक्केवारी एकाच आकड्यावर अडकलेली दिसली तरी वीज बंद करू नये. जुन्या हार्ड डिस्कवर वाट बघावीच लागते.

रीस्टार्टनंतर त्रिकोण गेला.

या टप्प्यावर तुमचा त्रिकोण गेला नसेल तर सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये, आयएनएफ फोल्डरच्या आत, सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग नावाची फाइल असते ती उघडा. फाइल लांबलचक आहे, पण सगळी वाचायची नाही. शेवटून वर यायचं आणि तीन उद्गारचिन्हांनी सुरू होणाऱ्या ओळी शोधायच्या. त्या चुकांच्या ओळी. एक उद्गारचिन्ह म्हणजे नुसता इशारा. कोणती फाइल सापडली नाही, कोणती सही नाकारली, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. एक्सपीत हीच नोंद विंडोज फोल्डरमध्ये सेटअपएपीआय.लॉग या नावाने असते.

त्रिकोण गेला तरी टास्कबारवर लाल फुली होती, ‘केबल अनप्लग्ड’. पोर्टवरचे दोन्ही दिवे बंद. आता ड्रायव्हरला हात लावायचा नाही, कारण प्रश्न तारेवर आलेला आहे. आधी पॉवर कॉर्ड भिंतीतून काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, मिनिटभर थांबून पुन्हा लावली. शटडाउन केल्यावरही मदरबोर्डला ५ व्होल्टची स्टँडबाय वीज मिळत राहते आणि नेटवर्कची चिप कधीकधी झोपेच्या स्थितीत अडकून बसते. नुसत्या रीस्टार्टने ती उठत नाही. दिवे लागले, पण कनेक्शन एक गिगाबिटवर येऊन तुटायचं, परत जुळायचं. केबल बदलली आणि थांबलं. शंभर मेगाबिटला तारांच्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. आतली एखादी तार तुटलेली केबल शंभरवर वर्षानुवर्षं चालते आणि गिगाबिटला लावली की रडते.

अशा वेळी अडॅप्टरच्या ॲडव्हान्स्ड टॅबमधल्या ‘स्पीड अँड डुप्लेक्स’मध्ये जाऊन १०० फुल ठोकून द्या, असा सल्ला सर्रास मिळतो. तो घेऊ नये. एका टोकाला सक्तीने फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलणं) ठेवलं की ते टोक समोरच्याशी वेग ठरवण्याच्या वाटाघाटी बंद करतं. समोरचा राउटर ऑटोवर असेल तर त्याला तारेवरून वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमानुसार तो हाफ डुप्लेक्स, म्हणजे आळीपाळीने बोलणं, धरतो. मग एक टोक वाटेल तेव्हा बोलतं आणि दुसरं त्याला टक्कर समजतं. पिंग (समोरच्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं) नीट जातं, छोटी पानं उघडतात, पण मोठी फाइल पाठवली की वेग पार कोसळतो. दोन्ही टोकांना ऑटो, हेच बरोबर. केबलच वाईट असेल आणि बदलणं शक्य नसेल, तर वेग राउटरच्या बाजूने कमी करता येतो का ते बघावं. त्याच ॲडव्हान्स्ड टॅबमधलं ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ किंवा ‘ग्रीन इथरनेट’ मात्र बंद करून ठेवलं, कारण जुन्या स्विचशी त्याचं नेहमीच पटत नाही. पॉवर मॅनेजमेंटमधली ‘संगणकाला हे उपकरण बंद करू द्या’ ही खूणही काढली, नाहीतर स्लीपमधून उठल्यावर नेटवर्क गायब होण्याची तक्रार येते.

मग कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग /ऑल, ही नेटवर्कचे पत्ते दाखवणारी आज्ञा. पत्ता राउटरने दिलेलाच होता. तो १६९.२५४ ने सुरू झाला असता तर अर्थ सरळ होता : ड्रायव्हर चालतोय, तार जोडलेली आहे, पण राउटरकडून पत्ता मिळाला नाही म्हणून विंडोजने स्वतःच एक घेतला. पिंगही ठरलेल्या क्रमाने करावं. आधी १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक), मग आपला स्वतःचा पत्ता, मग राउटर, मग बाहेरचा एखादा आकडी पत्ता, शेवटी नाव. ज्या पायरीवर उत्तर थांबेल तिथेच दोष. आकडी पत्त्याला उत्तर येतं आणि नावाला नाही, तर डीएनएस, म्हणजे नावाचा आकडी पत्ता शोधून देणारी सोय, बघायचा.

पिंग सगळीकडे पोचत होतं, तरी ब्राउझर प्रत्येक पानावर सर्टिफिकेटची (संकेतस्थळ खरं असल्याच्या, मुदत असलेल्या दाखल्याची) तक्रार करत होता. घड्याळ बघितलं तर तारीख कित्येक वर्षं मागची. घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. ३ व्होल्टचा बटन सेल, अगदी किरकोळ किमतीचा. तो बदलण्याआधी बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. सेल काढला की बायोसची मांडणी मूळ पदावर जाते, आणि हार्ड डिस्कचा मोड एएचसीआयवरून आयडीई झाला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं; मग नेटवर्क राहिलं बाजूला आणि नवीनच काम सुरू होतं. तारीख दुरुस्त झाली आणि पानं उघडली. ब्राउझर म्हणून फायरफॉक्सची ११५ ईएसआर आवृत्ती घातली, विंडोज ७ वर चालणारी ती शेवटची. १४ जानेवारी २०२० नंतर विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार (मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट) संपलेला आहे, म्हणून या संगणकावर बँकेचं किंवा पासवर्डचं काम करायचं नाही हे वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगितलं.

आता एक्सपी. इथे बोर्डावरचं नेटवर्क डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतच नव्हतं, त्रिकोणसुद्धा नाही. बायोसमध्ये ‘ऑनबोर्ड लॅन’ सुरू होतं. अशा वेळी ड्रायव्हर शोधण्याआधी ३२ बिटच्या लाइव्ह लिनक्स सीडीवरून (हार्ड डिस्कवर काही न टाकता सीडीवरूनच चालणारी दुसरी प्रणाली) बूट करावं आणि टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय -एनएन ही आज्ञा द्यावी. ती पीसीआयवरच्या, म्हणजे मदरबोर्डशी कार्डं आणि चिपा जोडणाऱ्या मार्गावरच्या, सगळ्या चिपा आयडीसकट दाखवते, तिला विंडोजशी काही देणंघेणं नाही. यादीत इथरनेटची ओळच नव्हती. चिप मेली आहे, आणि मेलेल्या चिपला कोणताही ड्रायव्हर उपयोगाचा नाही. ही सीडी पाच मिनिटांत जे सांगते त्यासाठी लोक दिवसच्या दिवस ड्रायव्हर बदलत बसतात.

बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन बंद केलं आणि आरटीएल८१३९ चिपचं पीसीआय कार्ड बसवलं. एक्सपीला या चिपचा ड्रायव्हर आधीपासून आहे, हा त्याचा मोठा फायदा. कार्ड घेताना बोर्डावर लांब पीसीआय स्लॉट आहे की आखूड पीसीआय एक्सप्रेस, हे उघडून बघावं. दोन्हींत कार्डं अदलाबदल होत नाहीत. पहिल्या स्लॉटमध्ये कार्ड डगमगत होतं. सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या आणि ते खालच्या स्लॉटमध्ये घट्ट बसवून स्क्रू आवळला.

स्लॉट बदलला की एक्सपीच्या लेखी ते नवीन कार्ड असतं. नावापुढे #२ लागतं, कनेक्शन ‘लोकल एरिया कनेक्शन २’ होतं, आणि आधीच्या स्लॉटवर दिलेला आयपी पत्ता पुन्हा टाकायला गेलं की संदेश येतो, हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे आणि तो अडॅप्टर लपलेला आहे. हे भूत काढायला कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सेट डेव्हएमजीआर_शो_नॉनप्रेझेंट_डिव्हायसेस=१’ लिहायचं, आणि त्याच खिडकीतून डेव्हएमजीएमटी.एमएससी सुरू करायचं. वेगळ्या खिडकीतून उघडलं तर परिणाम होत नाही. मग व्ह्यू मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’. नेटवर्क अडॅप्टर्सखाली फिकट रंगात जुनी नोंद दिसते, ती अनइन्स्टॉल करायची. वॅन मिनीपोर्ट आणि पॅकेट शेड्यूलर या नोंदींना हात लावायचा नाही, त्या विंडोजच्या स्वतःच्या आहेत. मेलेल्या ऑनबोर्ड चिपची फिकट नोंदही इथेच सापडली, तीही काढली.

पत्ता टाकता आला, पण आयपीकॉन्फिग /रिन्यू करून बघितल्यावर ‘नॉट अ सॉकेट’ असा शेवट असलेली चूक आली. या वाक्याचा ड्रायव्हरशी संबंध नाही. पूर्वी काढून टाकलेल्या एखाद्या फायरवॉल किंवा अँटिव्हायरसने विनसॉकच्या, म्हणजे विंडोजमधल्या नेटवर्क सॉफ्टवेअरच्या, साखळीत घातलेली कडी मागे राहिलेली असते आणि साखळी तिथे तुटते. एक्सपीवर सर्व्हिस पॅक २ पासून पुढे ‘नेटएसएच विनसॉक रीसेट’ ही आज्ञा आहे. दिली, रीस्टार्ट केलं, चूक गेली. गरज पडली तर ‘नेटएसएच इंट आयपी रीसेट’ द्यावी. एक्सपीत तिच्यापुढे लॉग फाइलचं नाव लिहावं लागतं, आणि ती हाताने टाकलेले पत्ते पुसून टाकते, म्हणून आधी ते लिहून घ्यावेत. कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमधल्या यादीतही जुन्या सॉफ्टवेअरचा फिल्टर राहिलेला असू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या क्लायंट, फाइल शेअरिंग, क्यूओएस आणि टीसीपी/आयपी या नोंदी सोडून आणखी काही दिसलं तर ते कोणाचं आहे हे ओळखूनच काढावं.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. या यंत्राला इंटरनेट देणं मला मान्य नाही. म्हणून टीसीपी/आयपीमध्ये पत्ता आणि सबनेट मास्क (कोणते पत्ते स्थानिक जाळ्यातले हे सांगणारा आकडा) भरला, ‘डिफॉल्ट गेटवे’, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरचा पत्ता, रिकामा ठेवला. स्थानिक जाळ्यातली यंत्रं दिसतात, बाहेर जायची वाट नाही. फाइल शेअरिंगसाठी एक्सपी फक्त एसएमबी १ ही जुनी, असुरक्षित भाषा बोलतं, आणि विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या संगणकात ते मुळात नसतं. त्या नव्या संगणकावर एसएमबी १ पुन्हा चालू करणं म्हणजे चांगल्या संगणकाचं दार उघडं टाकणं. त्याऐवजी नव्या संगणकावर एफटीपी (फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) सर्व्हर ठेवला आणि एक्सपीवरून त्यावर फाइल पाठवायची सोय केली.

शेवटचं काम जपून ठेवण्याचं. विंडोज ७ वर ‘पीएनपीयुटिल -ई’ दिलं की बाहेरून घातलेल्या ड्रायव्हरांची यादी ओईएम क्रमांकासह मिळते. ते काम करणारं ड्रायव्हरचं फोल्डर, दोन्ही केबी फाइली, हार्डवेअर आयडीची ओळ लिहिलेली टेक्स्ट फाइल, बायोसचे फोटो आणि एक्सपीचा आयपी व मास्क, हे सगळं एकाच पेनड्राइव्हवर टाकलं. पेनड्राइव्हवर संगणकाचं नाव लिहून तो कॅबिनेटच्या आत, पंख्यापासून लांब, चिकटपट्टीने लावून ठेवला आहे.